डावऱ्या हेमीचा ग्लोव्ह

"चिंचा पाडताना दगड कोणत्या हातानं मारतोस?"

पिंजारी सरांनी हे विचारलं तेव्हा मी ग्राउंडच्या कडेला बसून बुटातली माती झटकत होतो. प्रॅक्टिस नुकतीच संपली होती. मी म्हटलं, लक्षात नाही सर.

"माझ्या आहे. काल जिमखान्याच्या गच्चीवरनं बघत होतो. उजव्या हातानं मारत होतास. आणि चिंचा पडत होत्या."

सर माझ्यासमोर उकिडवे बसले. सॅकमधून त्यांनी एक ग्लोव्ह काढला. तपकिरी, तेल लावून मऊ केलेला, डाव्या हातात घालायचा.

बेसबॉल ज्यांनी बघितलेला नाही त्यांना आधी एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्या हातात ग्लोव्ह, त्या हातानं झेलायचं. मोकळ्या हातानं फेकायचं. म्हणजे उजव्या हाताचा माणूस ग्लोव्ह डाव्या हातात घालतो. माझा ग्लोव्ह उजव्या हातात असायचा आणि मी डाव्यानं फेकायचो. लिहायचो उजव्यानं, जेवायचो उजव्यानं. चेंडू मात्र डाव्यानं. पहिल्यापासून.

आमच्या कॉलेजचा शॉर्टस्टॉप मंगेश फौजेत भरती झाला होता. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असतो. सगळ्यात जास्त चेंडू तिथंच येतात. उचलायचा आणि बॅटवाला पोचायच्या आत तडक पहिल्या बेसला मारायचा, की तो आउट. डाव्या हाताच्या माणसाला तिथनं फेकायला अख्खं अंग फिरवावं लागतं, तोवर बॅटवाला बेसवर पोचून कपडे झटकत असतो. डाव्या माणसाला बरी जागा म्हणजे पहिला बेस. तिथं गिऱ्या बोंडे होता. सव्वासहा फूट. तो नुसता हात लांब करायचा, चेंडू आपणहून यायचा. त्यामुळं मी तीन वर्षं लायनीच्या बाहेर बसून होतो. टाळ्या वाजवायच्या, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, बाहेर गेलेले चेंडू आणायचे. आणि हे शेवटचं वर्ष होतं.

सर म्हणाले, तुझे पाय चांगले आहेत. वाकतोस चांगला. चेंडूला घाबरत नाहीस. विद्यापीठाच्या स्पर्धेची टीम महिनाअखेरच्या मॅचवरनं ठरवणार आहे. हा ग्लोव्ह घाल, उजव्यानं फेकायला लाग. तुझा तो आईचा ग्लोव्ह घरी ठेव.

मी म्हटलं, "जमणार नाही सर. मी डावरा आहे."

"तू डावरा नाहीस."

"आईवर गेलोय मी."

त्या वर्षी आईचं नाव निघालं की सगळेच गप्प व्हायचे. आईला जाऊन वर्ष पण झालं नव्हतं. सरांनी ग्लोव्ह सॅकमधे ठेवला, पण चेन लावली नाही. म्हणाले, विचार कर.

विचार काय करायचा होता. माझ्याकडं आईचं दुसरं होतंच काय. साड्या आत्यानं वाटल्या. फोन पप्पांकडं. ग्लोव्ह माझा.

आमचं गाव फैजपूरच्या पुढं, सगळीकडं केळीच केळी. पप्पा केळी पिकवायच्या चेंबरवर कामाला. आई शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळायची, जिल्ह्याकडून. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा, बेसबॉलचा लहान आणि दगडासारखा. बाकी भांडण एकच, असं ती म्हणायची. मी पाचेक वर्षांचा असताना तिनं ट्रंकेतून हा ग्लोव्ह काढला आणि माझ्या हातात घातला. कोपरापर्यंत आला. मग रोज संध्याकाळी, कणीक मळून झाकून ठेवली की आम्ही मागच्या मोकळ्या प्लॉटमधे. ग्लोव्ह एकच, म्हणून तो मला. ती नुसत्या हातानं झेलायची. पदर खोचलेला, पायात पप्पांची चप्पल. डाव्या हातानं असा फेकायची की चेंडू येताना सूं आवाज यायचा. चुकलो तर म्हणायची, चेंडूकडं बघ, माझ्याकडं काय बघतो, मी कुठं जाते.

आई डावरी, म्हणजे डावखुरी, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ग्राउंडवर तिचं नावच डावरी हेमी. लग्नाच्या पंगतीत तिच्याच गावच्या कुणीतरी ते सांगून टाकलं आणि माझ्या आत्यानं त्या दिवसापासून नव्या भावजयीच्या हातावर नजर ठेवली. आत्या आमच्या शेजारच्याच घरात राहते. डाव्या हातानं दिलेला पाण्याचा ग्लाससुद्धा ती घेत नाही, हात मागं करून नुसती बघत बसते, आपल्यालाच लाज वाटेपर्यंत. तर नव्या नवरीनं एकदाही डाव्यानं वाढलं नाही, डाव्यानं हळदीकुंकू लावलं नाही. आत्यानं गल्लीभर सांगितलं, पोरगी डावरी आली होती, महिन्यात वळण लावलं. आई समोर असली तर हसायची फक्त.

मग मी झालो. मी उजव्यानं लिहायला लागलो तर आत्या म्हणाली, ह्याला पण मीच लावलं वळण. मला ते आवडायचं. घरात आम्ही दोघं डावरे. बाहेर सगळ्यांसारखे, पण मागच्या प्लॉटमधे आमचे खरे हात.

सर जे काढून घ्यायला सांगत होते, ते हे होतं.

त्याच आठवड्यात वैजूमावशी दारावर आली. आमच्याकडं कुणी गेलं की भेटायला जातात त्याला दारावर जाणं म्हणतात. ती आईच्या टीममधली. आता चंद्रपूरकडं शाळेत खेळाची टीचर आहे. तिला खबरच उशिरा लागली. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. कापलेले केस, हातात पुरुषी घड्याळ, आवाज शिट्टी फुंकणाऱ्या माणसाचा असतो तसा. आली, आईच्या फोटोसमोर उभी राहिली, आणि त्या आवाजाची बाई आवाज न करता रडली. आत्यानं तिला धरून बसवलं. पप्पा कामावरनं तसेच आले होते, शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग. ते म्हणाले, वैजूताई, बसा.

चहा झाला. आत्यानं आईचं चांगलं चांगलं सांगायला सुरुवात केली. हाताला चव होती. कधी उलटून बोलली नाही. आणि मग तिचं नेहमीचं: डावरी होती, पण ह्या घरात डाव्या हातानं कुणाला काही दिलं असेल तर शपथ. महिन्यात वळण लावलं मी.

वैजूमावशीचा कप हातातच राहिला. "कोण डावरी?"

"कोण म्हणजे? हेमलता."

मावशीला हसू आलं. तिनं पटकन तोंडावर हात धरला, कारण आपण दारावर आलोय हे तिला आठवलं असणार. मग कप खाली ठेवून तिनं आमच्या तिघांकडं बघितलं.

"अहो, हेमी उजव्या हाताची होती. आम्हा सगळ्यांसारखी."

आत्या म्हणाली, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मावशी म्हणाली, सहा वर्षं एका बाकावर बसलोय आम्ही, तिचा उजव्या हाताचा कोपर माझ्या वहीत यायचा. आत्या पप्पांकडं वळली, हे काय म्हणतायत बघ, म्हणून. पप्पा जमिनीकडं बघत होते.

"मला माहीत होतं," पप्पा म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"लग्न झाल्यावर सांगितलं होतं तिनं. अक्का, तू तोवर गल्लीत सगळ्यांना सांगून बसली होतीस. ती म्हणाली राहू द्या, त्यांचा आनंद आहे."

आत्या उठून आत गेली. आत काही काम नव्हतं, पण भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी पप्पांना म्हटलं, आणि मला? मला का नाही सांगितलं?

पप्पांनी खरोखर आश्चर्यानं माझ्याकडं बघितलं. "तुला काय सांगायचं होतं त्यात? मला काय कळतंय तुमच्या खेळातलं. कोणता हात कशाला लागतो ते मला आजपण माहीत नाही."

मी ग्लोव्ह उचलला आणि मागं प्लॉटमधे गेलो. डोकं फिरलं होतं. कुणावर तेच कळत नव्हतं. आमचं दोघांचं म्हणून एकच काय ते होतं, आणि ते नव्हतंच. ती पण डावरी नाही, मी पण नाही. इतकी वर्षं संध्याकाळ संध्याकाळ आम्ही काय करत होतो मग?

थोड्या वेळानं वैजूमावशी मागून आली. हात पुढं केला. मी ग्लोव्ह दिला. तिनं तो नाकाला लावला, उलटा करून दोऱ्या बघितल्या, आणि मग डाव्या हातात घालायला गेली. अर्थात जाईना. अंगठ्याच्या जागी करंगळी, सगळंच वाकडं. तो तसाच अर्धवट अडकलेला हात तिनं माझ्यापुढं धरला.

म्हणाली, पहिल्या दिवशी हेमी अशीच उभी होती. अख्खी शाळा हसली.

मग तिनं सांगितलं ते असं. शाळेत ग्लोव्हची एक पेटी होती. त्यांच्या सरांचा नियम साधा: शिट्टी झाली की पेटी उघडायची, ज्याच्या हाती ग्लोव्ह आला तो ग्राउंडवर, बाकीच्यांनी लायनीच्या बाहेर बसायचं, गेलेले चेंडू आणायचे. मुली पेटीवर तुटून पडायच्या. हेमी सकाळी म्हशीचं सगळं आवरून यायची, तिला रोज उशीर. ती येईपर्यंत पेटीत एकच उरलेला असायचा. हा. डाव्या माणसाचा. मागवताना कुणाची तरी चूक झाली होती, शाळेत डावरं कुणीच नव्हतं. तो नेहमी तळाशी पडलेला, उंदरांना पण नको होता.

पहिल्या दिवशी हेमीनं तो असा उलटा घालून बघितला. दुसऱ्या दिवशी उजव्या हातात घातला. मग डाव्या हातानं चेंडू फेकला तर तो तिच्याच मागं गेला. सर म्हणाले, बस खाली. ती बसली नाही. घरी जाऊन वडलांच्या मळ्यात केळीच्या खांबांवर डाव्या हातानं ढेकळं मारत राहिली. वडील ओरडायचे, घड झडतील. पावसाळा गेला, दिवाळी झाली. शेजारच्या शाळेबरोबर मॅच होती तेव्हा तिनं कुंपणाजवळून डाव्या हातानं एक चेंडू मारला, आणि मावशी म्हणाली, मी पहिल्या बेसवर होते, माझा तळवा दोन दिवस लाल होता. त्या दिवसापासून ती डावरी हेमी. दहावी झाल्यावर सरांनी ग्लोव्ह तिलाच देऊन टाकला. दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नव्हताच.

मी विचारलं, "पण कशाला? थांबायचं ना, दुसरा मिळेपर्यंत."

"थांबायचं म्हणजे लायनीच्या बाहेर बसायचं. तिला बसायचं नव्हतं." मावशीनं ग्लोव्ह हातातून काढला. "तू कुठं खेळतोस?"

मी चपलेनं एक ढेकूळ फोडलं.

"कोणती जागा तुझी?"

"बसतो," मी म्हटलं. "लायनीच्या बाहेर."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मग ग्लोव्ह माझ्या हातात दिला आणि घरात गेली. तिची एसटीची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी पिंजारी सरांकडं गेलो. सॅकची चेन अजून उघडीच होती.

चिंचा पाडणं वेगळं आणि बेसवर फेकणं वेगळं, हे पहिल्याच सकाळी कळलं. जोर होता, पण चेंडू कुठं जाईल त्याचा भरवसा नाही. एक गिऱ्याच्या डोक्यावरून लिंबाच्या झाडात गेला. एक मुलींच्या खो-खोच्या खांबाला लागला. पोरं म्हणाली, लोक्या, तू डाव्यानंच बस. मी पण हसलो. काय करणार. खांदा रात्री उशीवर टेकवता येत नव्हता, मग आत्या गुपचूप येऊन शेकून द्यायची. वळणाचं नाव तिनं त्यानंतर काढलं नाही. फक्त एकदा, शेकताना, पुटपुटली, मला सांगायचं तरी, बया.

संध्याकाळी समोर कुणीतरी पाहिजे होतं. गिऱ्याचं घर रावेरला. मी मागच्या भिंतीवर खडूनं गोल काढला आणि त्यावर चेंडू मारत होतो. तिसऱ्या चौथ्या दिवशी पप्पा कामावरनं आले, दारात उभे राहून बघत बसले. मग आत गेले आणि बाहेर आले ते आईचा ग्लोव्ह घेऊन.

"भिंत फुटेल," म्हणाले. "माझ्याकडं टाक."

मी म्हटलं, पप्पा, लागेल. चेंडू दगड असतो. ते म्हणाले, टाक तर.

पप्पांनी उभ्या आयुष्यात चेंडू झेलला नव्हता. पहिला नडगीवर घेतला. दुसरा पोटावर. तिसरा ग्लोव्हमधे बसला आणि ते इतके दचकले की ग्लोव्हसकट खाली टाकला. परत फेकायचा तर उजवा हात ग्लोव्हमधे. मी म्हटलं, काढा आणि फेका. ते म्हणाले, दरवेळी काढत बसलो तर अंधार पडेल. डाव्या हातानं फेकला. चेंडू आत्याच्या पापडांवर गेला.

आत्या पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, एक धड हाताचा नाही दोघांत.

पण रोज झालं. पप्पा घरी यायचे, चहा अर्धा पिऊन मागं यायचे. दोघं उलट्या हातांनी. मी उजव्यानं मारायचो, ते डाव्यानं परत द्यायचे. माझा सरळ व्हायला लागला तसा त्यांचा पण माझ्या आसपास यायला लागला. बोलणं फारसं नाही. आई गेल्यापासून आम्ही दोघं घरात एकमेकांना वाट देत फिरत होतो. प्लॉटमधे निदान समोरासमोर उभे होतो. एकदा मी चेंडू सोडला तर पप्पा म्हणाले, "चेंडूकडं बघ. माझ्याकडं काय बघतो." हे ते घरातून ऐकत असणार, इतकी वर्षं, खिडकीतून. मी चेंडू उचलून आणला.

महिनाअखेरची मॅच रविवारी होती, भुसावळच्या एका टीमबरोबर. पप्पा पहिल्यांदा ग्राउंडवर आले. सोबत पिकलेल्या केळ्यांचं क्रेट, पोरांना वाटायला. आणि हातात आईचा ग्लोव्ह. मी म्हटलं, हा कशाला? ते म्हणाले, चेंडू बाहेर येतो ना इकडं.

सरांनी मला शॉर्टला उभं केलं. पहिला चेंडू माझ्याकडं आला, मी उचलला आणि उजव्या हातानं गिऱ्याच्या वरून थेट बाहेर. एक रन गेला. सरांनी नुसती टोपी काढून परत घातली. दुसरा जमिनीवर आपटून गेला, गिऱ्यानं कसाबसा अडवला, पण उशीर झाला. मागून कुणीतरी म्हणालं, आला परत डावरा. माझा डावा हात ग्लोव्हमधे शिवशिवत होता. खोटं नाही सांगत, वाटलं काढावा आणि त्यानंच मारावा.

शेवटच्या इनिंगला आम्ही एका रननं पुढं. त्यांचा एक तिसऱ्या बेसवर उभा, म्हणजे तिथनं पळून घरच्या बेसवर पोचला की बरोबरी. दोन आउट, आम्हाला एक पाहिजे. बॅटवाल्यानं जमिनीलगत असा मारला की चेंडू माझ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधून निघाला होता. मी आडवा पळालो, वाकलो, तो ग्लोव्हच्या टोकात आला. तोल जात होता. तिथनं पहिला बेस म्हणजे अख्खं ग्राउंड. विचार करायला वेळ नव्हता, ते बरंच झालं. उजवा खांदा मागं गेला आणि पुढं आला. चेंडू जाताना मला आवाज ऐकू आला. सूं.

गिऱ्यानं हात लांब पण केला नाही. छातीपुढं धरला होता, तिथंच बसला.

पोरं येऊन अंगावर पडली. मी त्यांच्या खालून वाट काढून बघितलं तर पप्पा लायनीच्या बाहेर उभे होते, ग्लोव्ह घातलेला हात वर करून, जणू त्यांनीच झेललाय.

गर्दी ओसरल्यावर सर आमच्याकडं आले. घामानं शर्ट भिजलेला, जसं तेच पळाले होते. मला म्हणाले, पहिले दोन विसरू नकोस. उद्या सहाला ये, नाव पाठवतोय. मग पप्पांकडं वळून त्यांनी नमस्कार केला.

पप्पा वाकले, क्रेटमधून चांगलं पिवळंधमक केळं निवडलं आणि सरांपुढं धरलं. डाव्या हातानं. उजवा अजून ग्लोव्हमधेच होता.

सरांचा हात जरासा थांबला. पप्पांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं. मला वाटलं आता ग्लोव्ह काढतील, हात बदलतील, माफी मागतील. त्यांनी केळं तसंच धरून ठेवलं.

"घ्या सर," पप्पा म्हणाले. "आमच्या घरात चालतं."